ऑर्डर परस्पर रद्द झाली तर गप्प बसू नका

आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू दिवाळीत चकलीची भाजणी आणि बेसन करून विकतात. गेल्या वर्षी नवरात्रात त्यांनी ऑनलाइन सेलमध्ये घरघंटी मागवली. किंमत 13,990 रुपये, सगळे पैसे आगाऊ भरलेले. काकूंनी ओट्याशेजारची जागा रिकामी केली, इलेक्ट्रिशियन बोलावून नवा प्लग पॉइंट काढून घेतला, आणि घरघंटी येणार या भरवशावर ओळखीपाळखीत भाजणीच्या ऑर्डरीही घेऊन ठेवल्या. घरघंटी येण्याची तारीख दोनदा पुढे गेली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी मेसेज आला: आम्ही डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हते, आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे.

काकू त्या दिवशी सकाळपासून घरातच होत्या. दार उघडं टाकून धान्य भाजत होत्या. वास पार जिन्यात येत होता. कोणी आलं नव्हतं की कोणाचा फोन नव्हता. तासाभराने त्यांच्या सुनेने त्याच साइटवर पाहिलं, तर तीच घरघंटी, तोच विक्रेता, किंमत 16,490.

मी म्हटलं, आपण तक्रार करू. त्यावर काकू म्हणाल्या, "अगं, पैसे परत येतायत ना? मग कुठे भांडत बसायचं?"

दर रविवारी सकाळी दोन तास मी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत लोकांना तक्रारी लिहून द्यायला बसते. हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकलंय की आता ते वाक्य हाच माझा विषय झालाय. पैसे परत आले म्हणजे सगळं मिटलं, अशी आपली समजूत आहे, आणि कंपन्यांना ती फार सोयीची आहे. दुकानदाराने माल देतो म्हणून पैसे घेतले, महिनाभर वापरले, आयत्या वेळी हात वर केले आणि नुसतं मुद्दल परत दिलं. गल्लीतल्या दुकानात आपण हे ऐकून घेतलं असतं का? मग मोबाइलवर झालं की आपण गप्प का बसतो?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीसाठी वेगळे ई-कॉमर्स नियम आले. कायद्याच्या व्याख्येतच ऑनलाइन खरेदी करणारा हा ग्राहक आहे. पैसे दिलेले किंवा द्यायचं कबूल केलेलं, दोन्ही चालतं. म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीवाली ऑर्डर रद्द झाली तरी तुम्ही ग्राहकच. काकूंसारखं कोणी स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून धंदा करत असेल आणि त्यासाठी यंत्र घेत असेल, तर तेही ग्राहक. "तुम्ही व्यापारासाठी घेतलंय, तुमची तक्रार बसत नाही" असं सांगून फोन ठेवणारे भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ऑर्डर रद्द करायचा हक्क विक्रेत्याला मुळीच नाही, असं मात्र नाही. जवळजवळ प्रत्येक साइटच्या अटींमध्ये आम्ही ऑर्डर रद्द करू शकतो असं कलम असतं. 'ऑर्डर मिळाली' हा ईमेल म्हणजे नुसती पोच आहे, माल पाठवला की मगच करार होतो, असंही पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. खरोखर माल संपला, गोदामात फुटका निघाला, पुराने रस्ता बंद झाला, अशी कारणं घडतात. दुसऱ्याच दिवशी तसं कळवून पैसे पूर्ण परत दिले, तर मी येणाऱ्याला सांगते, सोडून द्या. सगळ्याच ऑर्डरींपायी ग्राहक आयोगाची पायरी चढायची नसते. पण अटी छापल्या म्हणून वाटेल ते कारण देऊन, वाटेल तेव्हा ऑर्डर मोडता येते असंही नाही. कारण खोटं असेल, किंमत वाढवायला जागा करून घेतली असेल, आगाऊ पैसे घेऊन खूप दिवस झुलवलं असेल, तर ती कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा किंवा सेवेतली त्रुटी ठरू शकते. सवलतीची किंमत जाहीर करायची आणि त्या किमतीला वाजवी प्रमाणात माल विकायचा इरादाच नाही, हे तर कायद्यात अनुचित प्रथा म्हणून नाव घेऊन लिहिलेलं आहे.

मुंबईतली एक केस मी सगळ्यांना सांगते, कारण काकूंच्या गोष्टीशी ती जवळपास जुळते. दादरच्या एका गृहस्थांनी जुलै 2022 मध्ये एका बड्या साइटवरून 39,628 रुपयांना फोन मागवला, पैसे क्रेडिट कार्डाने भरले. दोन दिवसांत मिळणार होता. सहा दिवसांनी ऑर्डर रद्द. कंपनीचं म्हणणं, माणूस जाऊन आला, ग्राहक भेटले नाहीत. तोवर फोनची किंमत सुमारे 7,000 रुपयांनी वर गेली होती आणि त्यांना नव्याने ऑर्डर द्या असं सांगण्यात आलं. पैसे परत मिळालेले होते. तरीही मध्य मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगाने 2024 मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आणि झालेल्या मनस्तापाबद्दल 10,000 रुपये द्यायला लावले. काकूंना मी नेमकं हेच वाचून दाखवलं: पैसे परत मिळालेले होते, तरीही.

दुसरी केस ओडिशातली, जास्त गाजलेली. 2014 मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याला 190 रुपयांत लॅपटॉप दिसला. त्याने ऑर्डर दिली, ऑर्डर पक्की झाल्याचा संदेश आला आणि दोनेक तासांत किंमत चुकली होती म्हणून रद्द झाली. त्याला अभ्यासासाठी वीस हजारांच्या वर पैसे घालून दुसरा लॅपटॉप घ्यावा लागला. राज्य आयोगाने 2021 मध्ये त्याला 30,000 रुपये भरपाई, 10,000 दंडात्मक भरपाई आणि 5,000 खर्च द्यायला सांगितलं. आयोगाचं म्हणणं असं, की तुम्ही देऊ केलंत, त्याने मागितलं, तुम्ही पक्कं केलंत, मग करार झाला. या केसवरून कोणी 190 रुपयांच्या लॅपटॉपमागे लागू नये. उघड उघड चुकीची किंमत असेल तर आयोग विक्रेत्याच्या बाजूनेही विचार करू शकतो. आणि त्या विद्यार्थ्यालाही मिळाली ती भरपाई. वस्तू त्याच भावात मिळवून देणं दर वेळी होत नाही, ही अपेक्षा आधीच बेताची ठेवावी.

आता पैशांकडे येऊ, कारण खरी गळती तिथेच असते. ऑर्डर त्यांनी रद्द केली, तर तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया परत आला पाहिजे. वस्तूची किंमत परत येते आणि 99 रुपये डिलिव्हरीचे, 49 रुपये 'हँडलिंग'चे, 20 रुपये 'प्लॅटफॉर्म फी'चे गुपचूप राहून जातात. बिल उघडून बेरीज करा. शंभर-दीडशे रुपयांसाठी काय, असं म्हणू नका. ते दीडशे तुमच्या एकटीचे नसतात, हजारो घरांचे असतात. रद्द करण्याच्या आकाराबद्दल ई-कॉमर्स नियमांत एक फार चांगलं कलम आहे आणि ते कोणालाच ठाऊक नसतं: ग्राहकाने पक्की ऑर्डर रद्द केली म्हणून कंपनीला आकार लावायचा असेल, तर स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तिनेही तसाच भुर्दंड सोसला पाहिजे. त्यामुळे तुम्ही कधी ऑर्डर रद्द केलीत आणि दोनशे रुपये कापले गेले, तर विचारा, तुम्ही रद्द करता तेव्हा मला किती देता?

पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत यायला हवेत. पेमेंट गोळा करणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने 2020 मध्येच तसं बजावलं आहे. ग्राहकाने स्वतः दुसरा पर्याय कबूल केला असेल तरच अपवाद. म्हणून रद्द झाल्याचा मेसेज आला की त्यातल्या बटणांवर घाईने बोट ठेवू नका. 'ताबडतोब परतावा हवा?' असं मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते दाबलं की पैसे त्यांच्याच वॉलेटमध्ये जातात, म्हणजे फिरून त्यांच्याच दुकानात खर्च करायचे. खाली बारीक अक्षरांत 'मूळ खात्यात, 5 ते 7 दिवस' असं असतं. ते निवडा. कूपनचंही तसंच. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला कंपनीला आदेश दिला, की प्रवाशाला परतावा नुसत्या कूपनमध्ये गुंडाळायचा नाही, बँक खात्यात हवा की कूपन हे त्यालाच निवडू द्यायचं. तो विषय टॅक्सीचा होता. पण तुम्ही मिक्सर घेतलेला असो की पैठणी, त्या आदेशाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूची भानगड वेगळी. 'बिनव्याजी हप्ते' म्हणतात त्यातही बँकेच्या नोंदीत व्याज असतं, विक्रेता तेवढी सूट देतो म्हणून ते आपल्याला दिसत नाही. ऑर्डर रद्द झाली की विक्रेता पैसे परत पाठवतो, पण कर्ज आपोआप बंद होईलच असं नाही. पहिला हप्ता कापला जातो, व्याज आणि त्यावरचा जीएसटी लागतो, प्रोसेसिंग फी अडकते. रद्द झालेल्या दिवशीच बँकेला ईमेल करून हप्ते बंद करायला सांगा आणि पुढच्या दोन स्टेटमेंट्स ओळ न् ओळ वाचा. लागलेली फी आणि व्याज विक्रेत्याकडे नुकसान म्हणून मागा. रद्द त्याने केलंय. जुना फोन बदल्यात द्यायचा होता, एकदाच चालणारी बँकेची ऑफर वापरली गेली, गिफ्ट कार्ड लावलं होतं, हेही लिहून मागायचं. मागितल्याशिवाय यातलं काही मिळत नाही.

पैसे खात्यातून गेले पण ऑर्डरच झाली नाही, हा प्रकार मात्र रद्द ऑर्डरीत मोजू नका. तो फसलेला व्यवहार. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे: यूपीआयने दुकानदाराला भरलेले किंवा कार्डाने ऑनलाइन भरलेले पैसे असे मध्येच अडकले, तर व्यवहारानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये. हे बँकेकडे मागायचं. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही.

'परतावा पाठवला आहे' असं कंपनी म्हणते आणि खात्यात काही दिसत नाही, तेव्हा नुसतं थांबू नका. कार्डाचा परतावा असेल तर एआरएन आणि यूपीआयचा असेल तर बारा आकडी आरआरएन क्रमांक मागा. तो बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते बँक शोधू शकते. क्रमांक द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर पैसे निघालेलेच नाहीत असं मी धरून चालते, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं.

तक्रार कशी करायची, तर पहिल्यांदा पुरावा. तोही त्याच दिवशी, संध्याकाळवर न टाकता. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज, भरलेल्या पैशांची पावती, दिलेल्या तारखा, रद्द झाल्याचा मेसेज, आणि वस्तू अजून विक्रीला असेल तर तिची आजची किंमत, विक्रेत्याच्या नावासकट. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्या. अॅपमधलं हे सगळं बदलतं, नाहीसंही होतं. 'ग्राहक उपलब्ध नव्हते' असं कारण असेल तर त्या दिवशीच्या फोनच्या नोंदी ठेवा, सोसायटीत वॉचमनची वही असेल तर त्या पानाचा फोटो घ्या. पार्सल आणणाऱ्या मुलावर मात्र ओरडू नका. त्याच्या हातात दिवसाला ढीगभर पार्सलं असतात, आणि रद्द करायचा निर्णय त्याचा क्वचितच असतो.

मग लेखी तक्रार. चॅटवरच्या यंत्राशी तास घालवण्यापेक्षा साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल शोधा. ते तिथे असणं नियमाने बंधनकारक आहे. तुमची तक्रार पोचल्याचं त्याने 48 तासांत कळवायचं असतं आणि महिन्याभरात तड लावायची असते. विक्रेत्याचं नाव-पत्ताही साइटने दाखवायचा असतो. तो उतरवून ठेवा, कारण पुढे 'आम्ही फक्त मध्यस्थ आहोत' हे ऐकायला मिळणारच आहे. तक्रार दोघांच्याही नावाने करा.

लिहायचं काय, यालाच लोक घाबरतात. इतकंच लिहा: अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या ऑर्डरने मी ही वस्तू इतक्या रुपयांना घेतली व पूर्ण रक्कम भरली. अमुक तारखेला आपण माझ्या संमतीशिवाय ऑर्डर रद्द केलीत. आपण दिलेलं कारण खरं नाही, कारण त्या दिवशी मी घरी होते, मला एकही फोन आलेला नाही. तीच वस्तू आपण आज इतक्या रुपयांना विकत आहात, फोटो सोबत आहे. मला तीच वस्तू ठरल्या किमतीत द्यावी. ते शक्य नसेल तर सर्व आकारांसह पूर्ण रक्कम मूळ खात्यात आणि झालेल्या नुकसानीबद्दल इतके रुपये द्यावेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. शिव्या नकोत, मोठमोठे शब्द नकोत, कलमांचे आकडेही नसले तरी चालतील. तारखा आणि रुपये मात्र चोख हवेत.

उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर 1915. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती थेट कंपनीकडे जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, तिला तो अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या तिथे जोडलेल्या आहेत आणि चॅटवर महिनाभर हलत नाही ते काम तिथे पुष्कळदा आठवड्याभरात हललेलं मी पाहिलंय.

तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. वकील सक्तीचा नाही. वस्तूची भरलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर दाव्याची फी शून्य. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. 2019 च्या कायद्याने दिलेली ही फार मोठी सोय आहे; साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, मुंबईच्या केसमध्येही ऑर्डर रद्द झाल्यापासून निकालापर्यंत दीड वर्षाच्या वर गेलं, हे आधी सांगितलेलं बरं.

आणखी एक, आणि हे मी फार कळकळीने सांगते. ऑर्डर रद्द झाली की माणूस घाबरतो आणि इंटरनेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो. तिथे ठग टपलेले असतात. ते परताव्यासाठी लिंक पाठवतात, स्क्रीन दिसणारं अॅप घ्यायला सांगतात, यूपीआय पिन टाका म्हणतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच सांगा. नंबर घ्यायचा तो अॅपमधूनच. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता त्याच क्षणी 1930 ला फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फार कमी उरते.

काकूंची तक्रार आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लिहिली. नुकसान किती झालं असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "नुकसान कसलं, दोन-तीन रात्री गिरणीत उभी राहिले इतकंच." मग आत गेल्या आणि डाळीच्या डब्यातून चार चिठ्ठ्या घेऊन आल्या. दिवाळीत गिरणीवर गर्दी, म्हणून गिरणीवाल्याने वहीच्या कागदावर नंबर, वजन आणि दळणाचे पैसे लिहून दिले होते: 11 किलो, 14 किलो, 9 किलो, 8 किलो. सोबत रिक्षाचे पैसे त्यांनीच मागे पेन्सिलीने मांडलेले. इलेक्ट्रिशियनची पावतीही होती. चारही चिठ्ठ्या टेबलावर ओळीने ठेवून सुनेने फोटो काढला आणि तक्रारीला जोडला.

तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून ठोकळेबाज दिलगिरी आली. 1915 वर नोंद केल्यावर नवव्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. किमतीची रक्कम आधीच जमा झाली होती, राहिलेले 149 रुपये आकाराचे ती परत करणार होती आणि वर 500 रुपयांचं कूपन देऊ करत होती. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला, चिठ्ठ्या समोर घेतल्या आणि म्हणाल्या, "कूपन नको, बाळा. माझा हिशोब 1,860 रुपयांचा आहे. लिहून घे, मी सावकाश सांगते."